शाकाहारी घरातला मासा

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या सासऱ्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर माडीवरच्या दोन खोल्यांना चुना लावून घेतला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, कचेऱ्या म्हणजे साहेबलोक, आणि साहेबलोक काय झाडाखाली राहणार आहेत, असा त्यांचा हिशेब. सासऱ्यांना घरात आणि गावात सगळे अप्पा म्हणत. आडत दुकान मुलांच्या हवाली करून ते नुकतेच मोकळे झाले होते, आणि मोकळा पुरुष घरात किती अडचण करतो हे सासूबाईंनी मला लग्न होऊन आल्या आल्या समजावून सांगितलं होतं. भाडेकरू आला म्हणजे ह्यांना बोलायला कोणीतरी मिळेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

भाडेकरूची चौकशी अप्पा मुलगी द्यायची असल्यासारखी करत. गाव, कूळ, पगार हे सगळं वरवरचं. खरा प्रश्न एकच, की माडीवर मांसमच्छी शिजणार नाही ना? आमचं घर लिंगायताचं. गल्लीतून अंडेवाला गेला तरी सासूबाई दार लोटून घेत. एक-दोन साहेब ह्या प्रश्नावरच उठून गेले. शेवटी पाणीपुरवठ्याकडचे एक कोकणी इंजिनिअर आले. एकटे, तरुण, बोलायला नम्र. शिजवणार नाही, असं त्यांनी कबूल केलं आणि अप्पांनी चावी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सामानातून काचेची मोठी पेटी उतरली, आणि तिच्यामागून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून जिवंत मासे.

अप्पा बराच वेळ जिन्याखाली उभे राहून विचार करत होते. अट शिजवण्याची होती, पाळण्याची नव्हती. मुका जीव सांभाळणं हे तर पुण्याचंच काम. असं मनाशी ठरवून ते पेटी बघायला म्हणून वर गेले आणि जेवायला बोलावलं तरी खाली येईनात.

त्या वर्षी पाऊस नावाला पडला, पुढच्या वर्षी नावालाही पडला नाही. विहिरींचे तळ दिसायला लागले. टँकर गल्लीत शिरला की ज्या घरात रिकामा पुरुष असे त्या घराला एखादी घागर जास्त मिळे. आमच्याकडं अप्पा होते. अशात इंजिनिअरांची अचानक बदली झाली. काचेची पेटी घेऊन एवढ्या लांब जाणार कसे, म्हणून त्यांनी ती अप्पांच्या ताब्यात दिली. सोबत एक पत्र्याचा डबा दिला, आत तांबूस भुकटी. हे ह्यांचं खाणं, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर, एवढं बोलून ते घाईघाईनं जीपमध्ये बसले. चिमूट कशाची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि अप्पांनाही विचारायचं सुचलं नाही.

पेटी खालच्या बैठकीत आली. तिच्यात हाताच्या पंजाएवढा एक काळा-तांबडा मासा होता आणि बाकीचे बारके. बारके एकेक करून कमी होत गेले. अप्पांना वाटलं, त्यांना खालची हवा मानवली नाही. ते नेमके कुठं गेले हे आमच्या फार नंतर लक्षात आलं.

गावातले लोक मासा बघायला म्हणून येत आणि पाणीच बघत बसत. एवढं पाणी एका जागी, तेही आरपार दिसणारं, बऱ्याच दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं. काहीजण टोमणेही मारत. सगळं गाव सुकलं अन् अप्पांचा मासा पाण्यात पवतोय, असं एक व्यापारी म्हणाले. तेव्हा पेटीतलं काढलेलं पाणी भांडी घासायला कसं जातं आणि भांड्यांचं पपईला कसं जातं, हे अप्पांनी त्यांना परसात नेऊन दाखवलं. पपई दाखवल्याशिवाय सोडलं नाही.

पण खरं सांगायचं तर त्या माशानं अप्पांना सांभाळलं होतं. दुकानात मुलं आता त्यांना भाव विचारत नव्हती. गेले तर 'तुम्ही आराम करा' म्हणत. आराम हा शब्द ऐकला की अप्पांचा चेहरा उतरायचा. मग ते बैठकीत येऊन बसत. धोतराची हालचाल दिसली की मासा काचेला येऊन चिकटे, आणि अप्पा त्याला तुरीचा भाव, उदगीरची आवक, कोणी कोणाला बुडवलं, हे सगळं सांगत. मासा तोंडाची उघडझाप करत सगळं ऐकून घेई. आमच्यापैकी कोणीच एवढं ऐकत नव्हतं.

डबा संपत आला तेव्हा खरा घोटाळा झाला. मी अंगणात शेंगा फोडत होते. अप्पांनी डब्याचा तळ तळहातावर उपडा केला. आडत्याची ही हाडात मुरलेली सवय. गहू असो, तूर असो, नमुना हातावर घ्यायचा, चोळायचा, फुंकायचा, जिभेवर ठेवायचा आणि मगच बोलायचं. अप्पांनी डोळे मिटले, भुकटी जिभेवर घोळवली आणि निकाल दिला, की ही कराळाची पेंड आहे. मीठ थोडं जास्त, माल जुना, पण चव आहे. खात्री करायला म्हणून आणखी एक चिमूट घेतली.

तेवढ्यात वास माझ्याकडं आला. माझं माहेर नांदेडचं, घर गोदावरीकडं उतरणाऱ्या वाटेवर, आणि मागच्या बाजूला मासे धरणाऱ्या भोयांची वस्ती. संध्याकाळी त्यांच्या चुली पेटल्या की आई खिडक्या लावून घ्यायची, पण वास काय खिडकीला विचारून येतो? कोकणात ज्याला जवळा म्हणतात ती वाळवलेली बारीक कोळंबी, आमच्याकडची सुकट, नुसत्या वासावर मी झोपेतही ओळखली असती. पण सुनेनं सासऱ्यांना सांगायचं तरी कसं? मी उठून सासूबाईंच्या कानात सांगितलं.

सासूबाई जात्याला धरून खालीच बसल्या. हसू आवरेना, डोळ्यांना पदर लावला तरी खांदे हलतच होते. दुसऱ्यांदाही घेतली का, असं त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, त्यांना काही सांगू नको, मासा वळतो का बघू. त्यांच्या माहेरचा बोका म्हणे जन्मभर दूध-भाकरीवर राहिला होता.

मासा बोका नव्हता. अप्पांनी कराळाची पेंड आणली, त्यानं तोंडात घेऊन थुंकली. करडईची थुंकली, शेंगदाण्याची थुंकली. उकडलेला भोपळा, भाकरीचा चुरा, सणाला केलेली पुरणपोळीसुद्धा त्यानं पुढं येऊन पाहिली आणि पाठ फिरवली. हळूहळू पुढं येणंही थांबलं. पोट आत गेलं, रंग उतरला, आणि तो तळाशी एका कुशीवर पडून राहायला लागला. अप्पा काचेवर बोट वाजवत बसत. दोन दिवस त्यांनी तुरीचा भावसुद्धा विचारला नाही, तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही.

"अवो, ती पेंड नव्हती," त्या म्हणाल्या. "सुकट व्हती."

अप्पांनी रिकामा डबा हातात घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाले, "शिजवनार न्हाई म्हनला व्हता."

"शिजवली कुठं त्यानं? कच्चीच दिली. तुमीबी कच्चीच खाल्ली."

अप्पा उठले, न्हाणीत गेले आणि टँकरच्या पाण्याच्या दोन भरलेल्या बादल्या डोक्यावरून ओतून घेतल्या. सासूबाईंचं हसू जागच्या जागी विरलं. दोन बादल्या म्हणजे घराचं दोन दिवसांचं पाणी. आता भरलेलं म्हणावं असं भांडं घरात उरलं असेल तर ती काचेची पेटी, आणि तिच्यात तर महिनोन्‌महिने सुकटच पडत होती. सासूबाईंनी त्या दिवशी अप्पांना जे सुनावलं ते मी लिहिणार नाही. बरंचसं कानडीत होतं.

संध्याकाळी अप्पा मठात स्वामींकडं गेले. परत आले ते ओशाळलेले. आपल्या धर्मात विटाळ नाही, मग अंघोळ कसली केली, ह्या दिवसांत पाणी वाया घालवलं तेच पाप, असं म्हणून स्वामींनीही त्यांना झापलं होतं. माशाचं काय करू, असं विचारल्यावर स्वामींनी उलट विचारलं, की तो तुमच्या घरी स्वतःच्या पायानं आला का? अप्पांनी हे आम्हाला सांगितलं आणि स्वतःशीच मान हलवत राहिले. आमच्या घरातून कोणी उपाशी परत जात नसे, दासोहाची ती रीत वाडवडिलांपासूनची. आणि बैठकीत एक जीव उपाशी मरत होता.

बाजाराच्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर ते मला म्हणाले, "पोरी, तुला सुकट वळखू येती म्हनं. चल."

सासूबाई म्हणाल्या, दुकानातला गडी पाठवा. अप्पांनी ऐकलं नाही. पाहुणा आपला, तर बाजारही आपणच करायचा, म्हणाले, आणि छत्री घेऊन निघाले. ओळखीचं कोणी बघू नये म्हणून त्यांनी ती उघडून अगदी डोळ्यांवर ओढून घेतली. त्या दिवसांत उघडी छत्री म्हणजे काय विचारता, चारजणांनी आधी आभाळाकडं पाहिलं आणि मग अप्पांना रामराम घातला.

सुकटीची ओळ नेमकी धान्याच्या ओळीला लागून. कपाळावरचं भस्म बघून विकणारी बाई म्हणाली, म्हाराज, भाजी तिकडं. अप्पांनी घसा साफ केला.

"सुकटच पायजे. घरी पाहुना हाय, त्याला दुसरं काय चालत न्हाई."

बाईला त्यांची दया आली असावी. तिनं माप भरून वर आणखी मूठभर टाकली आणि कांदा सढळ घाला, कोथिंबीर नसली तरी चालेल, असं मला समजावून सांगितलं. मी बिनमिठाचा ढीग दाखवत होते, खारवलेला माल धुवायला पाणी आणायचं कुठून? अप्पांनी त्या ढिगातला नमुना तळहातावर घेतला, चोळला, फुंकर मारली, आणि हात वर जायला लागला. मी मनगटच धरलं. सासऱ्यांच्या पायांना मी कैकदा हात लावला होता, हाताला पहिल्यांदाच. शेजारच्या ओळीतले दोन व्यापारी बघत होते. अप्पांनी छत्री मिटली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भाव पाडून घेतला. माल उत्तम आहे, हेही त्यांनीच मला सांगितलं.

घरी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. अप्पांनी बैठकीत बसून स्वतःच्या बोटांनी सुकट चुरली आणि पाण्यावर सोडली. मासा तळाशी तसाच पडलेला. मी देवाचं नाव घेत होते. थोड्या वेळानं एक पर हलला. मग तो तिरका-तिरका वर आला, एक कण तोंडात घेतला आणि थांबला. अप्पा पुढं वाकून वाट बघत राहिले, आता थुंकेल, आता थुंकेल. तो थुंकला नाही. दुसरा घेतला. मग काचेजवळ आला, नेहमीच्या जागी. अप्पांनी त्याला त्या दिवशीचा सुकटीचा भाव सांगितला. मला रडू आलं, आणि एका माशापायी रडतेय म्हणून माझाच मला राग आला.

अप्पा उजवा हात अंगापासून लांब धरून उभे होते. हाताला वास. त्या हातानं गळ्यातल्या लिंगाला शिवणार कसं, आणि धुवा म्हटलं तर पाणी कुठाय? टँकर दोन दिवस आला नव्हता. घरात प्यायची एक कळशी उरली होती, तीही अर्धी.

दोन बादल्यांवरून त्यांना कानडीत सुनावणाऱ्या सासूबाई त्या कळशीतून तांब्या भरून घेऊन आल्या. बारीक धार धरून त्यांनी अप्पांचा हात बोट न् बोट चोळून धुतला. पाणी संपलं तेव्हा पदरानं पुसला.

"जेवला न्हवं तो?" त्या म्हणाल्या. "आता आपुन जेवू."

ताटं घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले. सकाळी थापलेल्या भाकरी दुरडीत होत्या तशाच होत्या, सासूबाईंच्याही आणि अप्पांच्याही.