नकाशा काकूंच्या बाजूने

लग्नानंतर आम्ही परभणीहून कुरुळीला आलो, तेव्हा एका शेतकरी कुटुंबाच्या घराला लागून असलेली खोली भाड्याने मिळाली. नवरा चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये, आणि मी भोसरीतल्या छोट्या डिझाइन ऑफिसात. दिवसभर कॉम्प्युटरवर यंत्राच्या भागांची ड्रॉइंग काढायची. घरमालकांना आम्ही काका-काकू म्हणायचो. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांसाठी गेली होती. घरामागे एक तुकडा उरला होता, त्यात काकू मेथी, लसूण असं काहीबाही लावायच्या.

एका रविवारी काका टेप घेऊन दारात आले.

"पोरी, तू नकाशे काढतीस ना? मागं भाड्याच्या खोल्या बांधायच्यात. गवंड्याला दाखवाया कागद पायजे."

घरांचे नकाशे मी कधी काढले नव्हते, पण नाही म्हणवेना. नवऱ्याने टेपचं एक टोक धरलं, काकांनी दुसरं, मी मापं लिहून घेतली. मागचा नवा रस्ता शेतं तिरपी कापत गेलेला, त्यामुळे तो तुकडाही लॅपटॉपवर तिरपाच उतरला. तिरप्या जागेत सरळ भिंती काढायच्या म्हणजे मान वाकडी करून बसावं लागतं. मग मी ऑफिसात करते तेच केलं. ड्रॉइंगला हात न लावता, त्याच्याकडे बघायची बाजू तेवढी फिरवली. रस्त्याची कड स्क्रीनच्या तळाशी आडवी, सरळ आली. माप बदलत नाही, कोन बदलत नाही, फक्त काम सोपं होतं.

"झ्याक!" काका म्हणाले. सांडपाण्याचा पाइप घराजवळून जात होता, म्हणून खोल्यांची ओळ घराच्या बाजूला घ्यायची त्यांनी सांगितली. मी तशी काढली.

एवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"हे कुठलं हाय?"

"आपलंच की काकू. घरामागचं."

"न्हाई बाई. आमचं आसं न्हाई."

काका हसले. "तुला काय कळतंय नकाशातलं!"

काकू रिकामा ट्रे घेऊन निघाल्या. मला ते बरं वाटलं नाही.

"काकू, थांबा ना जरा. तुम्ही ही जागा रोज कुठून बघता?"

"कुठनं म्हंजी? सैपाकघराच्या दारातनं. सकाळी दार उघडलं की म्होरंच हाय."

मी पुन्हा बाजू फिरवायला घेतली, या वेळी सावकाश. रस्ता कलत कलत वर गेला, घर खाली आलं. काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"थांब! व्हय, आता हाय. हितं मेथी, ह्या कोपऱ्यात शेवगा. पल्याड रस्ता." त्या हसत होत्या. त्यांचं बोट दारापासून वर सरकलं आणि लगेच थांबलं. "आन् ही लांबडी पेटी कसली?"

"खोल्या."

"दारापुढंच?"

काकूंनी वळून काकांकडे बघितलं.

"मंग मी दार उघडून भिंत बघायची व्हय?"

"पाइप तिथनं जातोय," काका म्हणाले. "काम सोपं पडतं."

"बाकीची जमीन गेली तवा मला कुनी इचारलं न्हाई," काकू शांतपणे म्हणाल्या. "ह्ये तरी इचारायचं."

काकांनी चहा संपवला, टेप गुंडाळली आणि निघून गेले. "तुला कशाला फिरवत बसायचं होतं?" नवरा मला म्हणाला. मलाही धास्ती वाटली. आपण भाडेकरू, आपल्यामुळे त्यांच्या घरात कुरबूर नको. पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून नेहमीचं बोलणं ऐकू येईना. नुसता भांड्यांचा आवाज.

मग एका संध्याकाळी मी कामावरून येऊन चप्पल काढत होते, तेव्हा काका ओट्यावर आले.

"त्या खोल्या रस्त्याकडं सरकव."

"काका, तिकडे जागा निमुळती आहे. एक खोली कमी होईल."

"होऊ दे. बसतील तेवढ्या बसव. पाइप लांबवू आपन." जाता जाता वळून म्हणाले, "आन् कागद तिला दिसतो तसा काढ. गवंड्याला तीच समजावनार हाय."

काम सुरू झालं त्या सकाळी मी बस गाठायला घाईत निघाले होते, तरी मागच्या बाजूला डोकावले. गवंडी फक्कीने पांढरी रेघ मारत होता. काकू कागद हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"आजून पल्याड घ्या," त्या सांगत होत्या.

काका दोरीचं टोक धरून एकेक पाऊल मागे सरकत होते.

"बास का आता?"

"आजून वाईच."