टीनाच्या मेंदूतला तुकडा

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या निर्मलाबाईंनी घरच्या न्हाणीघराची कडी स्वतःच्या हातानं काढून टाकली. बावीस वर्षांची लेक टीना आंघोळीला गेली की त्या दाराशी बसत.

"टीना, बोलत राय!"

"बोलून राहिली ना, माय!"

दोन वर्षांपूर्वी धानाच्या रोवणीच्या दिवसांत टीनाला मिरगीचा झटका आला आणि ती चिखलात तोंडघशी पडली. शेजारणीनं केस धरून ओढलं म्हणून वाचली. गोळ्या बदलून पाहिल्या, झटके थांबेनात. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. झटके जिथून उठतात, मेंदूचा तेवढाच भाग काढायचा.

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी रंजिता नावाची संशोधक कागद घेऊन आली. मुलगी त्यांच्याच भागातल्या कुडव्याची निघाली. काढलेला तुकडा अभ्यासाला मिळावा, एवढंच तिचं मागणं.

"कायचा अभ्यास?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"मेंदूत काही पेशी बाकीच्यांना आवरतात, मावशी. त्यांतली एक जात झुंबरासारखी दिसते. आहे थोडीच, म्हणून तिच्याबद्दल फार कोणाला ठाऊक नाही. झटक्यांशी तिचा काय संबंध, ते शोधून राहिलो."

निर्मलाबाईंनी टीनाचा हात धरला. "आवरणाऱ्याच काढून नेसान, त मंग माह्या पोरीले आवरंन कोण?"

"उरलेल्या मेंदूत पुष्कळ आहेत. तुम्ही नाही म्हटलं तरी डॉक्टर तेवढाच भाग काढतील."

"अन् टीनाले याचा फायदा?"

रंजितानं सरळच सांगितलं. "तिला नाही होणार."

निर्मलाबाईंनी कागद मागे सारला. टीनानं तो उचलला. "मेंदू माहा आहे, माय," म्हणाली आणि सही केली.

ऑपरेशनला पाच तास लागले. निर्मलाबाई बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या. पोरगी वाचेल, पण आपल्याला ओळखेल का? टीनानं डोळे उघडताच त्यांनी विचारलं, "मी कोण?"

टीनाची नजर हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर स्थिरावली.

"माय... पाणी."

त्याला आठ महिने झाले. मधे एकच झटका आला, तोही लहान. रंजिताचा फोन आला होता: तुकड्यात त्या पेशी सापडल्या, पण एकट्या टीनाच्या तुकड्यावरून काही सांगता येत नाही.

टीना आता एसटीनं एकटीच गोंदियाला शिवणक्लासला जाते. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत निर्मलाबाई जेवायला बसत नाहीत.