खुडूकचा डावा कान

लग्न ठरलं तेव्हा माझ्या नणंदेने मला बाजूला घेऊन एकच गुपित सांगितलं. "त्याच्या उजवीकडे बसत जा, नाहीतर जन्मभर स्वतःशीच बोलत राहशील."

माझ्या नवऱ्याचा डावा कान लहानपणी फुटला, महिनोन् महिने वाहिला, आणि पडद्याला भोक पडलं ते पडलंच. तेव्हापासून ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, शाळेच्या वाटेवर उजवीकडे, जेवायला उजवीकडे. पुढे मी उजवीकडे. मुलगी बोलायला लागली तीही न शिकवता उजवीकडेच जाऊन उभी राहायची. आमच्या सोफ्याची उजवी गादी बसून बसून खचली आहे, डावी अजून दुकानातून आणल्यासारखी दिसते.

त्यांचं खुडूक हे नावही ताईंनीच ठेवलेलं. खुडूक झालेली कोंबडी एकदा अंड्यांवर बसली की उठता उठत नाही, हुसकावायला जाल तर चोच मारते. आमचे हे थेट तसेच. सिनेमाला गेलो तर शेवटची पाटी जाईपर्यंत उठणार नाहीत, आणि एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाही. गंमत म्हणजे या खुडूकला नोकरीही कोंबड्यांतच लागली.

गावाबाहेर एक संशोधन संस्था आहे. तिथे बर्ड फ्लूवरच्या लसी कोंबड्यांना देऊन बघतात. बंदिस्त विभागातल्या त्या कोंबड्या सांभाळणं हे यांचं काम. दाणापाणी बघायचं, पिंजरे साफ करायचे, डॉक्टर पंखाखालच्या शिरेतून रक्त घेतात तेव्हा कोंबडीला फडफडू न देता धरायचं, कोण मान टाकून बसली आणि कुणाचा तुरा निळा पडला ते कळवायचं. आत जाताना अंगावरचं सगळं उतरवून विभागातले कपडे, पोशाख, मास्क, हातमोजे. बाहेर येताना शॉवरखाली साबण लावून अंघोळ, केसांसकट. त्याशिवाय बाहेरच्या दाराकडे जायचंच नाही. आणखी एक नियम असा, की आत जाऊन आलेल्या माणसाने पुढे ठरावीक दिवस बाहेरच्या कुठल्याही पक्ष्याजवळ फिरकायचं नाही. हे रोज आत जायचे, त्यामुळे ते दिवस कधी भरायचेच नाहीत.

संस्थेच्या नियमांत यांनी पदरची भर घातली होती. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दारात पोपटाचा पिंजरा आहे, म्हणून हे वर्षानुवर्षं मागच्या जिन्याने चढतात. गॅलरीत चिमणी आली की हे आत, चिमणी बाहेर, मधलं दार बंद. माहेरून मला पिसांची उशी आली होती, ती दुसऱ्याच दिवशी परत गेली. मी म्हटलं, "अहो, ती पिसं मेलेली आहेत." तर म्हणाले, "नियम नियम असतो."

हे सगळं मी हसून घालवलं असतं. पण ताईंचं पोट कोंबड्यांवर चालतं. यजमान गेल्यावर त्यांनी हिमतीने शेड उभी केली, शेडच्या मागेच छोटं घर बांधलं. शेडच्या जाळीचं भोक केवढं असावं, टाकीवर झाकण कसं हवं, रानपाखरं आत शिरू नयेत म्हणून छपराची फट कशी बुजवायची, सगळं यांनी फोनवरून सांगितलं. घर मात्र यांनी फोटोतच पाहिलं. ताई वर्षातून एकदोनदा आमच्याकडे यायच्या, आणि निघताना हे त्यांना दर वेळी तोच उपदेश करायचे. घरी पोचल्यावर चपला बाहेर, आधी अंघोळ, मग कोंबड्या. ताई म्हणायच्या, "जगात कुणाला भावाला भेटल्यावर अंघोळ करावी लागत नसेल. मलाच असला भाऊ मिळाला."

हसत म्हणायच्या, पण लागत होतं त्यांना. मला दिसत होतं ते. मी यांना कितीदा म्हटलं, मोठी रजा घ्या, ते दिवस भरू द्या आणि जाऊन या. हे म्हणायचे, बघू. रजा मिळत नव्हती अशातला भाग नाही. खरं कारण मला एका संध्याकाळी कळलं. त्या दिवशी हे आले ते ताटाला हात न लावता बसून राहिले. लस न दिलेल्या कोंबड्यांचा अख्खा पिंजरा गेला होता. तसं होणार हे ठाऊकच होतं, त्यासाठीच तो प्रयोग होता. तरी म्हणाले, "काल दाणे टिपत होत्या गं. हे माझ्या हातून ताईच्या दारात गेलं तर?" ते मला पटलं, पण राग आला तो आलाच. भीतीपायी माणूस सख्ख्या बहिणीचा उंबरा चढत नाही म्हणजे काय!

इकडे रोजच्या शॉवरने त्या फुटक्या कानाची पार वाट लावली. कितीही व्हॅसलीनचा बोळा घाला, पाणी आत जायचंच. उशीच्या अभ्र्यावर रोज पिवळा डाग, आणि ते अभ्रे धुणार कोण, तर मी. शेवटी मी त्यांना ओढतच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या कानाच्या डॉक्टरीणबाई पडद्याचं भोक बुजवण्याच्या नव्या पद्धतीचा अभ्यास करत होत्या. त्या म्हणाल्या, "ठिगळ लावू या. पण कान काही महिने अगदी कोरडा राहिला पाहिजे. डोक्यावरून अंघोळ बंद."

हे खुर्चीतून उठलेच. डोक्यावरून अंघोळ नाही म्हणजे विभागातून बाहेर येता येणार नाही, म्हणजे आत जाताच येणार नाही. "माझ्या कोंबड्यांकडे कोण बघणार?" असं म्हणून घरी आले. विभागात दुसरा तयार माणूस होता, चांगला होता, पण खुडूकला ते कोण पटवणार? मी त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. हे फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोलतात, त्यामुळे मीही ऐकत होते. इकडचं तिकडचं झालं आणि ताई अगदी सहज म्हणाल्या, "एक गिऱ्हाईक आलंय. शेडसकट कोंबड्या घेतो म्हणतोय. देऊन टाकते."

"का? धंदा बसला का?"

"धंदा झकास आहे रे. पण कोंबड्या गेल्या की तू येशील ना घरी? माझं आता वय झालं. घर बांधलंय ते तुला दाखवायचं राहिलंय."

पलीकडून ताई हॅलो हॅलो करत राहिल्या. मग हे म्हणाले, "ताई, विकू नकोस. थांब थोडी." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "त्या डॉक्टरीणबाई कुठल्या वारी असतात?"

आता डॉक्टरीणबाईंचं नवं ठिगळ कशाचं होतं, तर अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेल्या पातळ पापुद्र्याचं. हे कळल्यावर मला हसू आवरेना. यांना मात्र हसू आलं नाही. यांनी बाईंची उलटतपासणीच सुरू केली. अंडी कुठल्या कळपाची? कळप तपासलेला आहे का? कधी तपासला? बाईंनी सगळ्याची शांतपणे उत्तरं दिली, पापुद्रा कसा धुतात, कसा निर्जंतुक करतात ते सांगितलं, वर म्हणाल्या, "आणखी काही? तुमच्या संस्थेतल्याच एकांना विचारून आम्ही हे नियम केलेत." तेव्हा कुठे हे तयार झाले. ऑपरेशनच्या दिवशी मनगटावर नंबरची पट्टी बांधली, तेव्हा तिच्याकडे बघत म्हणाले, "आमच्या कोंबड्यांच्या पायात असंच कडं असतं." मी म्हटलं, "मग आता धरून ठेवतील तेव्हा फडफडू नका." नर्सबाईही हसल्या.

ऑपरेशननंतर कानात घातलेला बोळा काढायच्या दिवशी आम्ही दोघं पुन्हा तिथे. बाईंनी दुर्बिणीतून बघितलं आणि ठिगळ धरलंय म्हणाल्या. मग त्यांनी यांच्या डाव्या कानापाशी बोटांची चिमूट चोळून विचारलं, काही येतंय का? यांनी डोळे मिटून घेतले. "कोंबडीने कोंड्यात पाय घासल्यासारखं," म्हणाले. कोंबड्यांवाचून या माणसाला उपमासुद्धा सुचत नाही. पण मला रडू आलं हे खरं आहे. कान आणखी काही आठवडे कोरडाच ठेवायचा होता, म्हणजे विभागात जाणं बंद. पक्ष्यांपासून लांब राहायचे दिवस तर कधीच भरले होते. आता सबब सांगायला जागा उरली नव्हती, तरी संस्थेतल्या डॉक्टरांना दोनदा फोन करून यांनी विचारून घेतलंच. ते म्हणाले, "अहो, जा एकदाचे!"

आम्ही बसने गेलो. ताई फाटकात उभ्या होत्या. हे पुढे झाले तसा त्यांनी हात आडवा धरला.

"थांब. जोडे त्या औषधाच्या पाण्यात बुडव. मग तिथे काढ. या घरच्या चपला. न्हाणीघर डावीकडे, कपडे ठेवलेत. आधी अंघोळ, मग कोंबड्या."

इतक्या वर्षांचा उपदेश असा व्याजासकट परत मिळाल्यावर यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "ताई, कानाला पाणी चालत नाही गं."

"मग खांद्यापासून खाली कर. डोक्याचं मी बघते."

अंघोळ करून आल्यावर ताईंनी त्यांना अंगणात स्टुलावर बसवलं. डाव्या कानावर आपला तळवा घट्ट झाकून धरला आणि दुसऱ्या हाताने पंचा ओला करून, पिळून, त्यांचं सगळं डोकं पुसून काढलं. मान, कपाळ, उजव्या कानामागे. केस पिकलेला हा माणूस मान खाली घालून निमूट बसला होता. ताई पुटपुटत होत्या, "किती विरळ झालेत केस. साबणाने खाल्ले सगळे."

मग हे शेडशी गेले आणि जाळीबाहेरच उभे राहिले. ताईंनी पाठीवर थाप मारून त्यांना आत ढकललं. कोंबड्या आधी पांगल्या, मग दाण्यांच्या आशेने पायांशी गोळा झाल्या. यांनी वाकून एक तांबडी उचलली. इतक्या वर्षांत त्यांनी हातमोज्यांशिवाय कोंबडी धरली नव्हती. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "गरम असतात गं या. विसरलोच होतो." घर बघायचं राहिलंय याची ताईंनी आठवण करून दिली तेव्हा कुठे बाहेर आले.

घर बघून झालं. प्रत्येक खिडकी उघडून, प्रत्येक नळ सोडून बघितला. संध्याकाळी चहा घेऊन आम्ही मागच्या पायरीवर बसलो. मी सवयीने यांच्या उजवीकडे बसले. ताई आल्या, माझ्याकडे बघून घुटमळल्या. मी सरकून जागा करणार, तोच यांनी आपल्या डाव्या बाजूची फरशी थोपटली.

"इकडे बस."

ताई तिथे बसल्या. मग यांच्या कानाशी वाकून हळूच काहीतरी बोलल्या. हे आधी हसले, मग बाहीने डोळे पुसले आणि मानेनेच हो म्हणाले. ताई काय म्हणाल्या ते मी अजून विचारते आहे, पण खुडूक सांगत नाही. मला ऐकू आलं नाही. मी उजवीकडे बसले होते.