हाताला लागतो तो लाल

आमचा बा, कचरू, गावचा कोतवाल. गाव केदारखेड्याच्या वरल्या अंगाला. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तव्हा बानं हलगी फेकून दिली ती दिलीच. पाटील म्हणले, "मंग दवंडी कशी देशील?" बा म्हणला, "तोंड हाय की." तव्हापून तो दारोदार जाऊन, एकेकाचं नाव घेऊन सांगायचा. बहिऱ्या कडूबाला तर हातवारे करून, जमिनीवर काडीनं रेघा मारून समजावायचा. गाव हसायचं, पर ऐकायचं बराबर.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. मी जालन्याला मास्तरकीचं शिकून राह्यले होते, सुटीत घरी आल्ते. दुष्काळानं माणसं वाळून गेल्ती. सगळे सरकारी मिलोवर जगत होते. मिलो म्हंजी बाहेरदेशातून आलेली लाल ज्वारी, भाकर थापायला गेलं की फाटायची. त्यातच पेरणीसाठी बियाण्याच्या पिशव्या आल्या. तीबी ज्वारीच आन् तीबी लालच, पर तो लाल औषधाचा. किडीसाठी चोळलेलं इख. पिशवीवर इशारा छापला होता इंग्रजीत. वा रे शहाणपणा! गावात मराठी वाचणारे सात-आठ, इंग्रजी वाचणारा औषधालाबी न्हाई. मला यायचं थोडं, पर मला कोण इचारतंय?

ग्रामसेवक रामरावांकडं वरून चिठ्ठी आली. एकच ओळ : लाल ज्वारी खाऊ नये. बानं दोन घरं केली, तिसऱ्या दारात चांगुणाबाईनं त्याला धरलं. "आरं कचरू, सगळे लालच खाऊन राह्यलो. मंग काय माती खावं?"

बा परत रामरावांकडं. "साहेब, कोणती लाल?"

"लिहिलंय तेवढं सांग. डोकं चालवू नको."

बानं डोकं चालवलं. अंगणात बसून त्यानं एका हातावर मिलो चोळली, दुसऱ्यावर बियाणं. मिलोचा रंग हाताला लागंना. बियाण्यानं मात्र तळहात लालभडक झाला. बा इतका खूश की मला हाक मारून दाखवलं. "बेबे, सापडलं बघ. जिचा लाल हाताला लागतो ती खाऊ नका, असं सांगतो." मी म्हणलं, "बा, हे बराबर हाय." मीच म्हणलं. मास्तरकी शिकून राह्यले होते ना मी.

गाव सांगून झालं. राह्यला तांडा, मैलभर वर माळावर. तिथली बोली लमाणी. गडीमाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्ती, घरी नुसत्या बाया. त्यातली सोनूबाई पुढं आली. तिला मराठी यायचं बाजारापुरतं, आन् बाला त्यांच्यातलं 'याडी' म्हंजी आई, एवढंच ठावं. मंग बानं हातानंच सांगितलं. बियाणं चोळलं, लाल तळहात दाखवला, पोट धरून मान टाकली. मंग मिलो चोळली, साफ तळहात दाखवला, घास तोंडाकडं नेला आन् हसला. सोनूबाईनं जसंच्या तसं करून दाखवलं. बाया खळखळून हसल्या. परत येताना मी बाला म्हणलं, "तू तमाशात पाहिजे होतास." बा लाजला.

पाऊस लांबला, पेरणीचं बियाणं घरात तसंच पडून राह्यलं. तांड्यावरची मिलो संपली. चार आठवडे झाले असतील, सांगावा आला की सोनूबाईची पोर झमकू चालताना झोकांड्या खाते, हाताला धरलेलं तिला कळत न्हाई, जीभ जड झाली. दहा वर्षांची पोर. बा तसाच पळाला, मागं मी.

बानं बियाण्याची रिकामी पिशवी दाखवून इचारलं, "ही खाल्ली?" सोनूबाईनं जोरात मान हलवली, न्हाई म्हणून. मंग तिनं परातीत मूठभर उरलेलं बियाणं घेतलं, पाणी टाकलं, चोळलं, लाल पाणी ओतून दिलं. पुन्हा पाणी. पुन्हा ओतलं. बोटांवर मोजून सात वेळा. मंग तेच दाणे तळहातावर चोळून तिनं बाला हात दाखवला. हात साफ. घास तोंडाकडं नेऊन ती हसलीसुद्धा, बा हसला होता तशी.

बानं परात ओढून घेतली आन् दाणे मातीत ओतले.

पोरीला बैलगाडीत घालून जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणले, धुऊन रंग जातो, इख दाण्यात मुरलेलं असतं. हे चिठ्ठीत न्हवतं. हे कोणीच सांगितलं न्हवतं. पोरीला आठ दिवसांनी परत धाडलं, इलाज न्हाई म्हणून. तवर तिची नजरबी गेल्ती.

मंग चौकशीला तालुक्याचे साहेब तांड्यावर आले, संगं रामराव. "सूचना दिली होती का?" बाच्या आधी सोनूबाईच बोलली, "दिली. बराबर दिली." तिला वाटलं, बावर काही येऊ नये. साहेबांनी लिहिलं : सूचना देऊनही बियाणे खाल्ले. बा हात जोडून म्हणला, "साहेब, हाताचं ते माझं बोलणं होतं. माझ्यामुळं तिनं धुतली. तसं लिहा." साहेब म्हणले, "तुम्ही तर सांगितल्यापेक्षा जास्त सांगितलंत. चांगलं काम केलं. करा सही." बानं सही केली. नोकरी होती.

तेवढ्यात रामराव म्हणले, या तांड्याच्या लोकांना अक्कलच न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, "आमच्या बाचं शब्दाला शब्द ऐकलं कोणी आसंल तर ह्या बाईनं ऐकलं." रामराव ऐकायला थांबले न्हाईत. साहेबांची जीप निघाली होती.

आम्ही निघालो तर सोनूबाईनं बाची बाही धरली. आत झमकू 'याडी, याडी' करून राह्यली होती, शब्दबी धड उमटत न्हवता. सोनूबाई बाजारातला एकेक मराठी शब्द जुळवत म्हणली, "भाऊ, पोरीला भूक. आता काय देऊ? तू सांग."