तिसऱ्या रकान्यातले आभाळ

सकाळी साडेसातला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर घोटीमार्गे इगतपुरीला जाणारी बस लागली, तेव्हा माझ्या पिशवीत तीन गोष्टी होत्या: एका अर्जाची स्थळप्रत, इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि निळ्या पुठ्ठ्याची एक परदेशी वही. नाशिकच्या कचेऱ्यांबाहेर टेबल मांडून गेली बावीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहून देत आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझा मसुदा वाचून पदवीधरांनीही मान डोलावलेली आहे, हे येथे नम्रपणे नमूद करतो. मात्र एखाद्या अर्जासाठी टेबल सोडून परगावी जाण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

सोबत अर्जदार पुंजाबा होते. चांदवड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार, वय साठीच्या पुढे, अक्षरओळख सहीपुरती. त्यांचा एकुलता एक मुलगा योगेश दोन वर्षांपूर्वी बापाशी भांडून स्पेन देशातल्या द्राक्षमळ्यात कामाला गेला. तेव्हापासून त्याचा फोन नाही आणि पुंजाबांनीही केला नाही. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्याकडून टपालाने एक पुडके आले. पुंजाबांनी ते न फोडता माझ्यापुढे आणून ठेवले. "तुमच्याच हातानं फोडा साहेब," ते म्हणाले, "माझं काळीज होत नाय."

आत ही वही निघाली. चिठ्ठी नव्हती. पानापानावर तारखा, एका रकान्यात स्पॅनिश शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसरा रकाना आखलेला पण पूर्ण कोरा. काही तारखांना पेन्सिलीने गोल केलेले. स्पॅनिश मला येत नाही. इंग्रजी शब्द मात्र मी कोशातून एकेक करून लावले. ग्लूमी म्हणजे विषण्ण, थ्रेटनिंग म्हणजे धमकावणारे, हेवी म्हणजे जड. एका पानावर तर चक्क डाँकी. हे शब्द मी पुंजाबांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग मी अर्ज लिहिला. मुलगा परमुलखात धाकदपटशाखाली आहे, त्याला गाढव म्हणून हिणवले जाते, वहीत त्याने भयापोटी गूढ खुणा केल्या आहेत, सबब सरकारने मालकावर कारवाई करून त्याची सुटका करावी व त्याला मायदेशी आणावे. अर्ज दाखल झाला, पोचही मिळाली. फक्त तेथील कारकुनाने सांगितले, "वहीचं जाणकाराकडून भाषांतर आणा. सोमवारी आणलंत की लगेच वर पाठवतो." स्पॅनिश जाणणारे एक गृहस्थ इगतपुरीत राहतात, असे माझ्या शेजारच्या टंकलेखकाकडून समजले आणि शनिवारी आम्ही निघालो.

विल्होळी मागे पडली तसे आभाळ खाली येऊ लागले. भाद्रपद संपत आला होता. वाडीवऱ्हेच्या पुढे दोन्ही बाजूंना लोंब्या फुटून निसवलेला भात, बांधांवर तेरडा, आणि डोंगरांचे माथे ढगात गेलेले. पुंजाबा खिडकीला कपाळ लावून सतत वर पाहत होते. मी त्यांना म्हटले, "पुंजाबा, खाली पाहा, भात किती छान आलाय."

"भात येतोच हो इकडं," ते म्हणाले. "आभाळ बघायची खोड हाय. बागवाल्याची मान वरच."

घोटीला बस दहा मिनिटे थांबली. चहा घेताना गडबडीत माझा कप कलंडला आणि चहा अर्जाच्या स्थळप्रतीवर सांडला. शेजारचा एक भाताचा व्यापारी सहानुभूतीने म्हणाला, "वाळल, वाळल. लय महत्त्वाचा कागद का?" मी त्याला सांगितले की एका माणसाच्या सुटकेचा प्रश्न आहे. त्याने पुंजाबांकडे पाहिले आणि आमच्या चहाचे पैसे स्वतःच दिले.

इगतपुरी स्टेशनच्या मागे, रेल्वेच्या जुन्या वस्तीच्या टोकाला त्या गृहस्थांचे, आल्बर्टकाकांचे, घर आहे. वय पंचाहत्तरच्या आसपास, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी मालवाहू जहाजांच्या भटारखान्यात काढलेली आणि त्यातली बरीच स्पेनच्या बंदरांवर. आम्ही पोचलो तेव्हा ते तव्यावर तोर्तिया (बटाटा व अंडी घालून केलेली जाड पोळी) उलटवत होते.

"आधी खायचं, मग कागद," त्यांनी बजावले. पुंजाबांच्या गळ्यात माळ पाहून मात्र ओशाळले. "अरे देवा, माळकरी! थांबा, शेजारून भात-आमटी मागवतो. बसा हो, भूक लागली की माणूस वाईट बातमी जास्तच वाईट ऐकतो."

जेवणानंतर मी वही त्यांच्या हाती दिली आणि लिहून घेण्यासाठी कागद सरसावून बसलो. काकांनी चष्मा लावला. एक पान वाचले, दुसरे वाचले, मग बोटाला थुंकी लावून भराभर दहा पाने उलटली.

"ह्यात तक्रार कुठंय?" ते म्हणाले. "हे तर आसमान आहे. रोजचं आसमान."

मी म्हटले, "काका, थ्रेटनिंग हा शब्द स्पष्ट आहे."

"आहे ना. सिएलो आमेनासांते. सिएलो म्हणजे आकाश. आता कोसळेल, आता कोसळेल असं वाटतं तसलं. हे बघा, नुब्लादो, ढग आलेत. एन्कापोतादो, अंगावर घोंगडं ओढून घेतल्यासारखं. प्लोमिझो, शिशाच्या रंगाचं. अबोर्रेगादो, मेंढरांचा कळप पसरल्यासारखं."

"आणि डाँकी?"

"पान्सा दे बुर्रा!" काका खदखदून हसले. "गाढवीचं पोट. खालून बघा कधी, तसंच राखाडी दिसतं. आमचा स्पॅनिश बोसन, खलाशांचा मुकादम, हा शब्द बोलला की मी वाळत घातलेले कपडे काढायचो."

पुंजाबा हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "मला दावा ती वही."

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. अर्ज निकाली निघेपर्यंत पक्षकाराचे मूळ कागद त्याच्या हाती परत द्यायचे नाहीत, हा माझा बावीस वर्षांचा शिरस्ता. कागद हरवतात, भिजतात, कुणीतरी त्यावर हिशेब करते. शिवाय ज्याला वाचता येत नाही त्याला दाखवून काय साधणार, असेही माझे मत होते. त्यामुळे पंधरा दिवसांत पुंजाबांनी ही वही पुठ्ठ्याच्या बाहेरूनच पाहिली होती.

त्यांनी वही मांडीवर उघडली आणि पेन्सिलीच्या एका गोलावर अंगठा ठेवला.

"हे फवारणीचं हाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"घरी कॅलेंडरवर असंच करायचा. औषध मारलं त्या तारखेला गोल. अजून हाय भिंतीवर ते कॅलेंडर, काढलं नाय मी." मग ते माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. "साहेब, हे मला पहिल्या दिशी दावलं असतं, तर एवढ्या राती मी जागलो नसतो."

अर्जात ज्यांना मी भयाच्या खुणा म्हटले होते, त्या औषध मारल्याच्या खुणा होत्या. दुःख शोधायची माझ्या डोळ्यांना सवय. लोक माझ्याकडे दुसरे काही घेऊन येतच नाहीत.

काकांनी विचारले, "भांडण कशावरून झालं होतं?"

पुंजाबांनी दाराबाहेर, वर बोट केले. "आभाळावरून," ते म्हणाले. "बाग फुलोऱ्यात होती. तीन दिस मळभ. पोरगं म्हणत व्हतं, बाबा, आजच औषध मारू. मी म्हणलं, थांब, वारं सुटल, उघडल. तू कालचा पोरगा, मला आभाळ शिकवतो का? नाय उघडलं. डावणी (पानांखाली पांढरी बुरशी) आली आणि आठ दिसांत बाग गेली. माझ्यामुळं गेली, पण मी चारचौघांत त्यालाच बोललो."

काकांनी कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवले. "हा बघा. प्रत्येक पानावर पट्टी लावून आखलाय आणि एक अक्षर नाही. कोणीतरी भरावा म्हणूनच सोडलाय, मला तरी असं वाटतं."

संध्याकाळच्या बसला मागचे बाक मिळाले. गाडी घोटीच्या पुढे आल्यावर पुंजाबा म्हणाले, "साहेब, पेन काढा." मी भाषांतराच्या कागदावरून अर्थ वाचू लागलो आणि ते सांगतील ते मी तिसऱ्या रकान्यात लिहू लागलो. नुब्लादो: आभाळ आलंय. प्लोमिझो: कोंदलंय. एन्कापोतादो: झाकोळ. मेंढरांच्या आभाळाशी ते थबकले. "तिकडंबी मेंढरंच म्हणत्यात? मग तेच लिहा. मेंढरं निघाली." खड्ड्यांमुळे अक्षर वाकडे येत होते. माझ्या मसुद्यात एवढे वाकडे अक्षर कोणी पाहिले नसेल. विल्होळी आली तेव्हा शेवटचे एक पान उरले होते आणि उजेड संपला होता.

सोमवारी सकाळी मी स्वतः लिहिलेला अर्ज मागे घेण्याचा अर्ज लिहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. कारकुनाने विचारले, "कारण काय लिहिलंय?" मी वाचून दाखवले: अर्जदाराच्या मुलास कोणताही त्रास नाही. आधीच्या अर्जातील मजकूर ही अर्ज लिहिणाऱ्याची चूक आहे. त्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि शिक्का मारला.

त्यानंतर माझ्या टेबलावर आम्ही वही परत पाठवण्यासाठी बांधायला घेतली. शेवटचे पान उघडले. तारीख, पान्सा दे बुर्रा, त्याचे इंग्रजी; तारखेभोवती मात्र गोल नव्हता. त्या दिवशी योगेशने औषध मारले की नाही, ते वहीवरून कळत नव्हते.

"ह्याला आपला शब्द काय लिहू?" मी विचारले.

"शब्द नको," ते म्हणाले. "लिहा, थांबू नको. औषध मार."

मी लिहिले. खाली 'आपला नम्र' किंवा 'सही' असे काहीच घातले नाही. पुंजाबांनी माझी पेन्सिल उचलली आणि तारखेभोवती हळूहळू एक गोल काढला. तो नीट जुळला नाही. मी पुडके बांधले आणि माझ्या टेबलावरच्या पत्र्याखालून बाहेर येऊन, बऱ्याच वर्षांनी, वर पाहिले.