खिडकीशी ठेवलेली टोपी

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळसे फुंकू लागला, की लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणारी ती जुनी प्रवासी मोटर मला आठवते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शेजारगावचा नारायणही माझ्याबरोबर पुण्याला वकिली शिकायचा. सुट्टी संपवून आम्ही तुळजापूरहून निघालो होतो. निजामाच्या हद्दीवर, तामलवाडीजवळच्या नाक्याला, झडतीसाठी सगळ्यांना खाली उतरवलं. नारायणनं जागा धरायला आपली पांढरी गांधी टोपी खिडकीशी ठेवली. निजामाच्या पोलिसांना ती टोपी खपायची नाही.

"होस्टेलातल्या वादात तर म्हणत होतास, मान गेली तरी टोपी उतरवणार न्हाय!" मी चिडवलं.

"जागा धरलीय, वकीलसाहेब. आधी निजाम उठंल, मग मी," तो हसला.

तेवढ्यात पोलिसानं खिडकीकडं बोट केलं. "वो टोपी किसकी है?"

नारायण पुढं झाला. "माझी."

पोलिसांनी त्याला नाक्यावरच अडकवून ठेवलं आणि मोटर त्याला सोडूनच निघाली. वाटेत चढलेल्या एका बाईनं खिडकीच्या जागेकडं बघत विचारलं, "हितं कुणी हाय का, दादा?"

"हाय. येतोय," मी म्हणालो.

तो पुन्हा कधीच दिसला नाही. आता तिथं नाका नाही, एसटी थांबतही नाही. तरी मी खिडकीची जागा सोडूनच बसतो, आणि कुणी विचारलं तर अजून तेच सांगतो.