जाऊबाईंची बंद मूठ

भोपाळात इतिहास शिकवणारे पुष्कळ असतील, पण इतिहासाला घरी बोलावून, पाटावर बसवून, आग्रहाने जेवू घालणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई एकट्याच. मी लग्न होऊन नागपूरहून इथे आले तेव्हा सासरची माणसं ओळखायला मला जेमतेम महिना लागला. जाऊबाई मात्र अजून पुरत्या कळलेल्या नाहीत, आणि त्यांच्यापुढे माझा 'आ' जो तेव्हा वासला तो आजपर्यंत मिटलेला नाही. त्या अरेरा कॉलनीकडच्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास शिकवतात. राहतात कोटरा सुल्तानाबादला, थोरले दीर आणि आमचे सासरे आप्पा यांच्यासह. आम्ही शाहपुऱ्याला राहतो. हे अंतर जाऊबाईंच्या तावडीतून सुटायला पुरेसं नाही, हे आम्हाला पहिल्या रविवारीच कळलं.

कारण रविवारी त्यांच्याकडे पाठाची रंगीत तालीम असते. शिक्षक मंडळी पाठाचं टाचण कागदावर काढतात, जाऊबाई ते स्वयंपाकघरात काढतात. गॅसवर कुकर चढवायचा, ओट्याला टेकून उभं राहायचं आणि समोर बसलेल्या नातेवाइकांना नववी ब समजून शिकवायला सुरुवात करायची. वेळ शिट्ट्यांवर मोजायची. पानिपताला चार शिट्ट्या, फाळणीला सहा. एकदा औद्योगिक क्रांती इतकी रंगली की डाळ कुकरच्या तळाला लागून कोळसा झाली, तर त्यांनी तो कोळसाच पुढच्या पाठासाठी डब्यात भरून ठेवला. या वर्गात मी कायम मागच्या बाकावरची मस्तीखोर मुलगी असते. कुणी जांभई दिली की पाठ रद्द. आमच्या यजमानांच्या एका जांभईपायी अख्खी फ्रेंच राज्यक्रांती मोडीत निघाली. पुढच्या रविवारी जाऊबाईंनी पोह्यांची परात आणली, ती फक्त थोरल्या दिरांसमोर ठेवली आणि आम्हा बाकीच्यांना रिकाम्या बशा धरून बसायला लावलं. दीर मजेत लिंबू पिळत होते. आमचे यजमान आधी हसले, मग गप्प झाले, आणि शेवटी तांबडेलाल होऊन म्हणाले, "वहिनी, आता हे अति होतंय हं!" जाऊबाईंनी टाळी वाजवली. "झाला क्रांतीचा पाठ तयार! आता घ्या पोहे."

वर्गात मात्र त्या कधी मोठं सामान नेत नाहीत. दारात उभ्या राहतात त्या बंद मूठ पुढे करून. आत काय आहे हे पोरांनी ओळखायचं, आणि मूठ उघडली की पाठ सुरू. कधी चिमूटभर मीठ, कधी सरकीचा दाणा, कधी गंजका खिळा. पोर्तुगिजांच्या वेळी मुठीत माझ्या डब्यातले काळे मिरे होते. एका मुलाने एक मिरा चावला, डोळ्यांत पाणी आणलं आणि विचारलं, "मैडम, इत्ती सी चीज़ के लिए इत्ती दूर आए?" जाऊबाई त्या संध्याकाळी हे वाक्य सांगायला खास शाहपुऱ्यापर्यंत आल्या होत्या. पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या होत्या, जणू तो मुलगा कलेक्टर झाला होता. आता या मुठीसाठी माल कुठून येतो, तर आमच्या घरांतून. थोरले दीर शर्टाचं बटण शोधत बसत नाहीत. ते शांतपणे म्हणतात, "आपल्या घरात वस्तू हरवत नाहीत. त्या नववी ब मध्ये जातात."

उत्खनन शिकवताना तर त्यांनी आमच्या घरातला आठवडाभराचा कोरडा कचरा मागून नेला. माती खोदून माणसं कशी ओळखतात हे पोरांना दाखवायचं होतं. पोरांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरून आमची रद्दी, पाकिटं, औषधांच्या पट्ट्या नीट लावल्या आणि निष्कर्ष काढला की या घरात एकाला साखरेचा आजार आहे आणि तोच माणूस लपून मिठाई खातो. माव्याच्या बर्फीचा कागद घडी करून औषधाच्या खोक्यात कोंबलेला त्यांना सापडला होता. जे मला लग्नानंतर इतक्या वर्षांत कळलं नाही, ते त्यांनी एका तासात सिद्ध केलं. यजमान आजही कचरा टाकताना आजूबाजूला बघून घेतात.

जाऊबाईंचा एकच नियम आहे. प्रश्न मुठीत मावला पाहिजे. "लढाई का झाली, हे पहिल्यांदा विचारूच नकोस," त्या मला एकदा मटार सोलता सोलता म्हणाल्या. "त्याचं उत्तर पोरं पाठ करून देतात. त्या दिवशी शिपायाने काय खाल्लं, पायात काय होतं, ते विचार. मग बघ, लढाई का झाली ते पोरं स्वतःच विचारतात." मी बँकेत दिवसभर आकडे बघणारी बाई. मला हे ऐकून उगाचच वाटून गेलं की आपण शाळेत असताना कुणी अशी मूठ पुढे केली असती तर!

मागच्या वर्षी या सगळ्यावर पाणी पडायची वेळ आली. शाळेत नवे प्रिन्सिपल आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्यांनी वर्गावर्गात मोठे पडदे बसवले आणि जाहीर केलं की पुढच्या सत्रापासून इतिहास तयार फिल्मांवरून शिकवला जाईल. बाईंनी बटण दाबायचं आणि शिस्त बघायची. जाऊबाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की एक पाठ बघा आणि मग ठरवा. प्रिन्सिपल कबूल झाले, पण विषय त्यांनी निवडला, राज्यांची पुनर्रचना. पुस्तकातला सगळ्यात रुक्ष धडा. आयोग, शिफारशी, सीमा आणि राजधान्या. हा पाठ पडला तर जाऊबाईंचा वर्ग जाणार होता, आणि वर्ग गेला तर जाऊबाईंचं काय राहणार होतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

जाऊबाई मात्र खुशीत होत्या, कारण त्यांच्या घरातच तो धडा खुर्चीत बसून चहा पीत होता. आप्पा! नागपूरची राजधानी गेली आणि कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा फायलींच्या पेटाऱ्यांबरोबर जे कारकून आले, त्यांत आप्पा सगळ्यात लहान. आता नव्वदीला टेकले आहेत. पण आप्पांना विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "त्यात काय सांगायचंय? नागपूरला गाडीत बसलो, भोपाळला उतरलो." जाऊबाईंनी मुठीत मावणारे सगळे प्रश्न विचारून पाहिले. आप्पा उठून देवघरात जाऊन बसले. एरवी कुणावर आवाज न चढवणारा हा माणूस शेवटी म्हणाला, "मोठ्या सूनबाई, तो विषय नको. मी वर्गात येऊन बसेन तुमच्यासाठी. बोलणार नाही." त्या रविवारी ओट्यावर कुकर नव्हता. जाऊबाई नुसत्याच बसून होत्या. "अगं, मुठीत घेऊन जायला काहीच नाहीये," त्या म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

पाठाच्या दिवशी मी सुट्टी काढली आणि आप्पांना रिक्षातून शाळेत नेलं. ऊन चांगलं तापलं होतं, तरी आप्पांनी हट्टाने जुना काळा कोट घातला होता आणि वाटभर ते छातीवर हात धरून होते. मी दोनदा विचारलं, दुखतंय का. "नाही गं," म्हणाले. वर्गात मागे प्रिन्सिपल आणि व्यवस्थापनाचे दोघं बसले होते. त्यांच्या शेजारी मी बसले. शेवटी एकदाची खरोखरच मागच्या बाकावर.

जाऊबाई बंद मूठ पुढे करून आत आल्या. पोरांनी नेहमीप्रमाणे गलका केला. त्यांनी मूठ उघडली. रिकामी! "आज मेरे पास कुछ नहीं है," त्या म्हणाल्या. "ये मेरे ससुरजी हैं. जब भोपाल राजधानी बना, तब नागपुर से आए थे. क्या लेकर आए थे, आप लोग पूछिए." पोरं सुटलीच. गाडीत काय खाल्लं? आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग नाइलाजाने म्हणाले, "दशम्या. मतलब दूध की रोटी. माँ ने बाँध दी थी." झोपायला काय होतं? सतरंजी. इथे आल्यावर पहिली रात्र कुठे काढली? कचेरीच्या व्हरांड्यात, फायलींच्या पेटाऱ्यांवर. पोरं हसली. आप्पाही थोडं हसले. मग खिडकीजवळची एक किडकिडीत मुलगी उठली. "दादाजी, कोई ऐसी चीज़ भी आ गई थी क्या, जो लानी नहीं थी?"

आप्पांचा हात पुन्हा छातीवर गेला. वर्ग वाट बघत राहिला. प्रिन्सिपल खाकरले. मी जाऊबाईंकडे पाहिलं. आता त्या नक्की काहीतरी बोलून सावरून घेतील असं मला वाटलं, कारण त्यांच्या पाठात रिकामं मिनिट मी कधी पाहिलंच नव्हतं. जाऊबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पर्समध्ये टाकलं आणि स्वस्थ उभ्या राहिल्या.

आप्पांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि मूठ बाहेर काढली. त्यांच्या मुठीत एक पितळी शिक्का होता, आखूड लाकडी दांडीचा. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारचा, राज्याचं नाव बदलल्यावरही कचेरीत राहिलेला. आमच्यापैकी कुणीच तो कधी पाहिला नव्हता. आप्पांनी हिंदीतच सांगितलं. नागपूरला सामान बांधताना जुने शिक्के जमा करायचे होते. धावपळीत हा एक त्यांच्या खिशात राहिला आणि भोपाळला पोचल्यावर हाताला लागला. नोकरी नवी होती. उद्या साहेबांना सांगू म्हणता म्हणता उद्याची भीती आजच्यापेक्षा मोठी होत गेली. "सरकारी चीज़ थी, बेटा. पहले डरता था कि नौकरी जाएगी. फिर डरता था कि पेन्शन रुक जाएगी. दरवाज़ा बजता था तो लगता था, लेने आए हैं."

"तो अब लौटा दीजिए ना," ती मुलगी म्हणाली.

"किसको लौटाऊँ? वो राज ही नहीं रहा."

पोरगी अगदी साधेपणाने म्हणाली, "तो फिर डर किसका था, दादाजी?"

आप्पा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळे पुसत पुसत ते इतके हसले की अख्खा वर्ग हसत सुटला आणि मी रडत होते. आप्पांना असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. ज्या राज्याला ते जन्मभर घाबरले ते कधीच नकाशावरून गेलं होतं, हे त्यांना नववीतल्या एका मुलीने सांगितलं. पुनर्रचना म्हणजे काय, हे आता त्या वर्गाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठलं नाही. प्रिन्सिपल स्वतः ऑफिसात जाऊन शाईचा पॅड घेऊन आले, आणि पोरांनी आप्पांपुढे रांग लावली. आप्पा एकेकाच्या तळहातावर शिक्का उमटवत होते, कारकुनाच्या जुन्या सफाईने, आधी शाई टिपून, मग दाबून. रांगेत शेवटी प्रिन्सिपलही होते. हात पुढे करत ते जाऊबाईंना म्हणाले, "मैडम, आपका इतिहास आप ही पढ़ाइए."

जाऊबाई मात्र परतताना रिक्षात धुसफुसत होत्या. पाठ लांबला, आयोगाच्या शिफारशी राहूनच गेल्या, उद्या जादा तास घ्यावा लागणार. आप्पा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले होते, कोट मांडीवर काढून ठेवलेला. तलावाच्या बाजूला आल्यावर जाऊबाईंची धुसफूस थांबली. "पोरांना मी सगळं विचारायला शिकवलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं एका घरात राहून मीच आप्पांना, कशाची भीती वाटते, हे कधी विचारलं नाही."

मी त्यांच्यापुढे माझा तळहात उघडला. रांगेत मीही उभी राहिले होते. त्यावर जांभळ्या शाईत ते नसलेलं राज्य स्पष्ट उमटलं होतं. जाऊबाईंनी आपलाही जांभळा तळहात उघडून माझ्या हाताशेजारी धरला आणि घर येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो. त्या रात्री मी भांडी यजमानांना घासायला लावली. दुसऱ्या दिवशी मात्र मलाच घासावी लागली, आणि नळाखाली माझ्या हातावरचं ते राज्य हळूहळू पुसट होत गेलं.